नदीचा गाळ जमिनीवर येतो तेव्हां

‘गाळ’ हा शब्द ऐकला म्हणजे शेतकऱ्याच्या मनांत समृद्धीची कल्पना उभी राहते. उन्हाळ्यांत तळें आटलें, कीं त्याच्या तळाचा गाळ खणून काढावयाचा, गाड्या भरभरून तो शेतांत न्यावयाचा आणि मुरमाड जमिनीवर पसरावयाचा, ही आपल्याकडील फार जुनी वहिवाट आहे. अशा गाळानें हलक्या जमिनीस ओल धरून ठेवण्याची शक्ति येते व पीक जोमानें वाढतें. महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं ‘गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली, तिच्या मुळाशींहि हाच अनुभव आहे.

परंतु गाळ हा ज्या पाण्याखालीं बसला, त्या पाण्याचा इतिहास आपल्याबरोबर घेऊन येतो. डोंगरावरची स्वच्छ माती वाहून आणणाऱ्या ओढ्याचा गाळ निराळा, आणि शेंकडों कारखान्यांचें व शहरांचें सांडपाणी पोटांत घेणाऱ्या नदीचा गाळ निराळा. दोन्ही दिसावयास सारखेच काळे व सारखेच मऊ. पण ह्या दुसऱ्या प्रकारचा गाळ जमिनीवर आणून पसरला म्हणजे त्या जमिनीचें, तेथील झाडाझुडुपांचें, कृमिकीटकांचें आणि शेवटीं माणसांचें काय होतें, हें समजून घेणें आजच्या काळीं अगत्याचें झालें आहे. ह्या विषयाचा एक मोठा धडा युरोपांतील हॉलंड देशास शिकावा लागला. म्हणून प्रथम तिकडे वळूं.

रॉटरडॅमचा गाळ

युरोप खंडांतील सर्वांत मोठें बंदर रॉटरडॅम हें ऱ्हाइन नदीच्या मुखाजवळ वसलेलें आहे. ही नदी स्वित्झर्लंडांतील आल्प्स पर्वतांत उगम पावते, आणि फ्रान्सच्या सीमेवरून व जर्मनींतून वाहत सुमारें १,२३० किलोमीटरांचा प्रवास करून समुद्रास मिळते. मुखाजवळ तिचा वेग मंदावतो व तिनें आणलेली माती तेथें खालीं बसते. शिवाय भरतीबरोबर समुद्राकडूनहि रेती व चिखल आंत येतो. मोठ्या जहाजांस पुरेसें खोल पाणी मिळावें म्हणून तेथें गाळ उपसण्याचें काम वर्षाचे बाराहि महिने चालू ठेवावें लागतें. १९८० च्या सुमारास हा गाळ दरसाल सुमारें २ कोटि घनमीटर निघत असे. हा आंकडा केवढा आहे, ह्याची कल्पना सहज करतां येईल. एक किलोमीटर लांब व एक किलोमीटर रुंद अशा मैदानावर तो सारखा पसरला, तर त्याचा थर २० मीटर, म्हणजे पांचसहा मजली इमारतीइतका उंच होईल; आणि हें सर्व एका वर्षाचें!

आरंभीं पुष्कळ वर्षें ह्या गाळाचें कोणास ओझें वाटलें नाहीं. हॉलंडचा बराच भाग समुद्रसपाटीपेक्षां सखल आहे. बांध घालून व पाणी उपसून मिळविलेल्या अशा सखल जमिनीस तेथें ‘पोल्डर’ असें म्हणतात. ज्या देशास जमीन उंच करण्यासाठीं मातीची सदैव गरज, त्या देशास बंदराचा गाळ म्हणजे फुकट मिळालेली मातीच होय. शिवाय नदीचा गाळ कसदार, म्हणून शेतकऱ्यांस व बागाईतदारांसहि तो हवासा वाटे. ह्याप्रमाणें बंदराच्या आसपासच्या अनेक पोल्डरांवर गाळ पसरला गेला. व्लार्डिंगेन गांवाजवळचा ब्रूकपोल्डर हा त्यांपैकींच एक. १९५० नंतरच्या दशकापासून पुढें कित्येक वर्षें त्याच्यावर गाळाचे थर चढत गेले, आणि तेथें पुढेंमागें घरें बांधावीं असा विचार होता.

परंतु ह्याच काळांत ऱ्हाइन नदीच्या कांठीं रासायनिक कारखाने, पोलादाचे कारखाने, खाणी व शहरें भराभर वाढत होतीं, आणि त्यांची घाण नदींत जात होती. ती घाण समुद्रांत जाऊन नाहींशी होते, असा लोकांचा समज होता. प्रत्यक्षांत तिच्यांतील मोठा भाग गाळास चिकटून रॉटरडॅमच्या तळाशीं येऊन बसत होता, आणि तेथून पोल्डरांवर जात होता. ब्रूकपोल्डरांतील गाळाची परीक्षा झाली तेव्हां त्यांत विषारी धातु तर सांपडलेच. शिवाय बंदराजवळच कीटकनाशकें तयार होत असत, त्यांपैकीं ‘ड्रिन’ ह्या वर्गांतील चिवट विषेंहि आढळलीं. तेथें गृहरचना करण्याचा बेत मागें पडला, आणि ती जागा पुढें वनासाठीं व फिरावयास जाणाऱ्यांसाठीं राखण्यांत आली. मासलाइस नांवाच्या शेजारच्या गांवीं तर गाळाच्या अशाच एका पोल्डरावर घरें उभीं राहून लोक राहावयासहि आले होते. मागाहून पायाखालच्या मातींतील विषाचा शोध लागला, आणि वसलेल्या वस्तींत माती शुद्ध करण्याचें अवघड व खर्चाचें काम काढावें लागलें.

गाळ विष कसें धरून ठेवतो?

आतां प्रश्न असा, कीं वाहत्या पाण्यांतील विष गाळांतच येऊन कां सांचावें? ह्याचें उत्तर मातीच्या कणांच्या आकारांत आहे. एका कांचेच्या बरणींत नदीची माती व पाणी घालून ती बरणी हालवा व स्थिर ठेवा. वाळूचे जाड कण क्षणार्धांत तळाशीं बसतील. पण चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण तासन्‌तास पाण्यांत तरंगत राहतील. एक मोठा खडक फोडून त्याची भुकटी केली, तर वजन तेंच राहतें. पण त्याचा पृष्ठभाग शेंकडों पटींनीं वाढतो. चिकणमातीचा पृष्ठभाग असा प्रचंड असतो, आणि त्यावर विद्युद्भार असल्यामुळें शिसें, जस्त, तांबें, कॅडमियम ह्यांसारख्या धातूंचे कण त्याला चिकटून बसतात. कुजलेल्या पानापाचोळ्याचा जो अंश गाळांत असतो, तो तेलकट पदार्थ व कीटकनाशकें ह्यांस आपल्याकडे ओढून घेतो. ह्याप्रमाणें पाणी जरी पुढें निघून गेलें, तरी त्याचें पाप गाळ आपल्या पदरीं बांधून ठेवतो. वाळूला मात्र फारसें कांहीं चिकटत नाहीं. ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

पाण्याखालचा गाळ व उघड्यावरचा गाळ

येथें एक मोठी चमत्कारिक गोष्ट आहे, आणि ह्या सर्व विषयाचें मर्म तींत आहे. गाळ पाण्याखालीं असतो तोंपर्यंत त्यांतील धातु बरेचसे निद्रिस्त असतात; तोच गाळ जमिनीवर येऊन वाळूं लागला म्हणजे ते जागे होतात.

ह्याचें कारण असें. तळाच्या गाळांत प्राणवायु पोंचत नाहीं. तेथें राहणारे सूक्ष्म जंतु प्राणवायूच्या अभावीं पाण्यांतील सल्फेटाचा उपयोग करून आपला निर्वाह करतात, आणि त्यामुळें हायड्रोजन सल्फाइड नांवाचा वायु तयार होतो. डबक्याचा चिखल ढवळला असतां कुजक्या अंड्यासारखी जी दुर्गंधि येते, ती ह्याच वायूची. हा वायु लोह, जस्त, कॅडमियम, शिसें इत्यादि धातूंशीं संयोग पावून त्यांची सल्फाइडें बनवितो. हीं सल्फाइडें पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहींत. गाळाचा काळा रंग येतो तो मुख्यतः लोहाच्या सल्फाइडामुळेंच. जें विरघळत नाहीं तें मुळांनाहि सहसा शोषून घेतां येत नाहीं. म्हणून विष असूनहि तें काराग्रहांत पडल्यासारखें असतें.

आतां तोच गाळ यंत्रानें उपसून शेतावर पसरला, अशी कल्पना करा. प्रथम पाणी निथळून जातें. मग ऊन व वारा लागून पृष्ठभागास भेगा पडतात, आणि त्या भेगांतून हवा खोलवर शिरते. प्राणवायूचा स्पर्श होतांच सल्फाइडांचें पुनः सल्फेटांत रूपांतर होऊं लागतें, व त्या क्रियेंत आम्ल उत्पन्न होतें. काळा गाळ हळूहळू तांबूस दिसूं लागतो. धातूंच्या पायांतील बेड्या तुटतात आणि त्यांपैकीं कांहीं अंश पाण्यांत विरघळण्याजोगा होतो. गाळांत चुना भरपूर असला, तर आम्ल तेथल्या तेथें मारलें जातें व अनर्थ बराच कमी होतो. ऱ्हाइनच्या गाळांत सुदैवानें चुना असतो. पण ज्या गाळांत चुना थोडा, तेथें जमीन आंबट होते आणि मोकळे झालेले धातु झाडांच्या मुळांत, चरांत व भूगर्भांतील पाण्यांत शिरतात. लोहाचा जो तांबूस गंज तयार होतो, तो ह्यांतील कांहीं धातूंस पुनः पकडून ठेवतो हें खरें. तथापि कॅडमियम व जस्त हे धातु इतरांहून चंचल असल्यामुळें ते सहज निसटतात. शिसें मात्र मातीला घट्ट धरून राहतें.

ज्यांस ह्या गोष्टीची प्रतीति पाहावयाची असेल, त्यांनीं वडील माणसांच्या देखरेखीखालीं एखाद्या जुन्या तळ्याच्या तळाचा काळा चिखल कांचेच्या पेल्यांत ठेवून पाहावा. कांहीं दिवसांतच हवेकडील वरचा थर पिंगट होतो व आंतील चिखल काळाच राहतो. काय घडतें हें मग शब्दांनीं सांगावें लागत नाहीं.

हिरवळ नेहमींच खरें बोलत नाहीं

गाळ टाकल्यानें होणारी पहिली हानि तर विषाचा प्रश्न येण्यापूर्वींच होते. ज्या कुरणावर वा पाणथळीवर गाळ ओततात, तेथील गवत, कीटक व बिळांत राहणारे जीव कांहीं मीटर चिखलाखालीं गाडले जातात. बंदराचा गाळ खारा असल्यास पावसानें मीठ धुऊन जाईपर्यंत कांहीं उगवत नाहीं. परंतु गोड्या पाण्याच्या गाळांत नत्र व स्फुरद ह्यांची रेलचेल असते. त्यामुळें एकदोन वर्षांतच तो भाग हिरवागार होतो. पाहणारा म्हणतो, “निसर्गानें जखम भरून काढली!”

हा आनंद कितपत खरा, ह्याचा शोध बेल्जममधील फ्लँडर्स प्रांतांतील शास्त्रज्ञांनीं केला आहे. त्या सपाट मुलुखांत स्खेल्ड व लेइ ह्या नद्या आहेत. त्यांच्यांतून मालाच्या होड्या चालाव्या म्हणून त्यांचाहि गाळ काढून कांठच्या जमिनींवर टाकण्याची पद्धति होती. अशा जागीं सर्वांआधीं रुजतें तें विलो नांवाचें झाड. आपल्याकडे नदीकांठीं जो वाळुंज आढळतो, त्याचाच हा भाऊबंद. त्याचें बीं कापसासारख्या तंतूंनीं वाऱ्यावर उडतें व ओल्या गाळावर पडतांच रुजतें, म्हणून थोड्याच काळांत तेथें दाट झाडी माजते. पण ह्या झाडाच्या पानांची परीक्षा केली असतां त्यांत कॅडमियम व जस्त हे धातु नेहमींच्या प्रमाणाहून पुष्कळ अधिक आढळले. विलो व त्याचा सोयरा पॉप्लर ह्या दोहोंची प्रकृतिच अशी, कीं हे धातु तीं मुळांनीं खेंचून पानांपर्यंत नेतात. शरद्‌ऋतूंत तीं पानें गळतात आणि जे धातु खोल मातींत होते ते वरच्या थरांत येऊन पडतात. झाड स्वतः जोमांत असतें. परंतु तें दरसाल भूमीच्या पोटांतील विष उपसून तिच्या पाठीवर पसरीत असतें!

ह्याच शोधांतून दोन उपयुक्त गोष्टीहि कळल्या. एक ही, कीं अ‍ॅश, मेपल ह्यांसारख्या कांहीं झाडांच्या पानांत अशा मातींतहि हे धातु फारसे चढत नाहींत. तेव्हां कोणतें झाड लावावें हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हे. दुसरी ही, कीं ज्या ठिकाणीं गाळ पाण्याखालीं बुडालेला राहतो, तेथें विलोच्या पानांतहि कॅडमियमचें प्रमाण कमीच राहतें. मागें सांगितलेल्या निद्रेच्या नियमाची ही झाडांनीं दिलेली साक्षच समजावी.

गांडुळापासून घुबडापर्यंत

पानें गळलीं म्हणजे त्यांचे धनी बदलतात. गांडूळ हें शेतकऱ्याचें मित्र. तें पाचोळा व माती गिळून जमीन भुसभुशीत करतें. परंतु मातीबरोबर येणारें कॅडमियम त्याच्या शरीरांतून बाहेर पडत नाहीं. तें सांचत जातें, आणि पुष्कळदां गांडुळाच्या अंगांतील प्रमाण सभोंवारच्या मातींतील प्रमाणाहूनहि अधिक होतें. पुढें काय होतें हें उघड आहे. युरोपांतील चिचुंद्री गांडुळें व किडे खाऊन राहते, आणि तिची भूक एवढी मोठी असते कीं दिवसाकाठीं आपल्या वजनाच्या जवळपास अन्न तिला लागतें. दूषित जमिनीवरील चिचुंद्र्यांच्या यकृतांत व मूत्रपिंडांत कॅडमियमचा मोठा सांठा आढळतो. तेथेंच राहणाऱ्या, पण गवत व बिया खाणाऱ्या उंदरांत तें प्रमाण पुष्कळ कमी असतें. एकाच जमिनीवर राहणारे हे दोन शेजारी. परंतु ताटांत काय आहे ह्यावर त्यांचें भवितव्य अवलंबून आहे. चिचुंद्रीस खाणारें घुबड व गांडुळें टिपणारे पक्षी हे ह्या सांखळीच्या पुढील कड्या होत. ड्रिन वर्गांतील विषें तर चरबींत विरघळणारीं असल्यामुळें प्रत्येक कडीस त्यांचें प्रमाण वाढत जातें.

अशा ठिकाणीं प्राणी धडाधड मरून पडलेले दिसत नाहींत, आणि म्हणूनच धोका सहज ध्यानांत येत नाहीं. मूत्रपिंड हळूहळू निकामी होणें, पिलें कमी होणें, आयुष्य घटणें, अशीं हीं मुकी दुखणीं असतात. बाहेरून वन हिरवें व पक्ष्यांच्या किलबिलाटानें भरलेलेंच असतें.

माणसाचें ताट

मनुष्य ह्या सांखळीच्या बाहेर नाहीं. पालक, चाकवत, कोथिंबीर ह्यांसारख्या पालेभाज्या कॅडमियम लवकर शोषून घेतात. मुळ्यागाजरांस चिकटलेल्या मातींतून शिसें पोटांत जातें. आणि लहान मुलें मातींत खेळून तेच हात तोंडांत घालतात. कॅडमियम एकदां मूत्रपिंडांत बसलें म्हणजे त्याचा निम्मा भाग बाहेर पडावयासच दहा ते तीस वर्षें लागतात, असें वैद्यकशास्त्र सांगतें. जपानांत तोयामा प्रांतीं जिंझू नदीच्या वरच्या भागांतील खाणीचें कॅडमियम पाण्याबरोबर भातखाचरांत उतरलें आणि भात खाणाऱ्या लोकांचीं, विशेषतः वयस्क स्त्रियांचीं, हाडें इतकीं ठिसूळ झालीं कीं साध्या हालचालीनें तीं मोडत. वेदनेनें ‘इताइ, इताइ’, म्हणजे ‘दुखतें, दुखतें’, असें त्या कण्हत, म्हणून त्या रोगाचें नांवच ‘इताइ-इताइ’ पडलें. तो प्रदूषणजन्य रोग असल्याचें जपान सरकारनें १९६८ सालीं मान्य केलें. तेथें गाळ कोणी यंत्रानें उपसून टाकला नव्हता; पाण्यानेंच तो खाचरांत नेला. तथापि दूषित गाळ शेतांत शिरला म्हणजे तो किती दूरवर हात पोंचवूं शकतो, हें ह्यावरून दिसून येतें. तीं खाचरें पूर्ववत्‌ करण्याचें काम २०१२ सालापर्यंत चाललें होतें.

मग गाळाचें करावें तरी काय?

बंदर चालावयाचें तर गाळ काढलाच पाहिजे. तो काढला तर कोठें तरी ठेवलाच पाहिजे. ह्या पेंचांतून मार्ग काढण्यासाठीं जे उपाय निघाले, त्यांपैकीं तीन सांगतों.

पहिला उपाय निवडण्याचा. वाळूला विष फारसें चिकटत नाहीं, हें मागें आलेंच आहे. जर्मनींतील हँबुर्ग बंदरानें १९९३ सालीं गाळांतील वाळू व बारीक चिखल वेगळे करण्याचा मोठा कारखाना सुरू केला. वाळू बांधकामास उपयोगी पडते आणि जपून ठेवावयाचा चिखल तेवढा उरतो. आपल्या गृहिणी सुपानें धान्य पाखडतात, त्यांतलेंच हें तत्त्व.

दुसरा उपाय कोंडून ठेवण्याचा. मिनामाता ह्या जपानी गांवच्या समुद्रांत एका रासायनिक कारखान्यानें पारायुक्त सांडपाणी सोडल्यामुळें मासे विषारी झाले, आणि ते खाणाऱ्या लोकांस जो भयंकर मज्जारोग जडला त्याची अधिकृत नोंद १९५६ सालीं झाली. तेथील उपसागराच्या तळाचा सुमारें १५ लक्ष घनमीटर गाळ १९७७ ते १९९० ह्या काळांत उपसून कांठाशींच भिंतींच्या आंत भरण्यांत आला, आणि त्यावर आवरण घालून स्वच्छ माती पसरण्यांत आली. अशा रीतीनें निर्माण झालेल्या ५८ हेक्टर भूमीवर आज उद्यान आहे. पण उद्यानाखालीं पारा आहेच; तेव्हां त्या भिंतींवर पुढील पिढ्यांसहि पहारा ठेवणें भाग आहे.

तिसरा उपाय रॉटरडॅमचा. समुद्राच्या कडेला, भर घालून केलेल्या भूमीवर, हॉलंडच्या लोकांनीं १९८७ सालीं ‘स्लुफ्टर’ नांवाचें एक विशाल कुंड तयार केलें. त्याचा तळ समुद्रसपाटीच्या सुमारें २८ मीटर खालीं असून त्याच्या भोंवतीं उंच बांध आहे, व त्यांत सुमारें १५ कोटि घनमीटर गाळ मावावा अशी त्याची योजना होती. ह्या कुंडांत दूषित गाळ पाण्याखालींच ठेवतात. त्यांतील हेतु वाचकांच्या ध्यानांत आलाच असेल : जो निद्रिस्त आहे त्याला हवा लागूं द्यावयाची नाहीं.

खरा उपाय नदीच्या वरच्या अंगास

हे तिन्ही उपाय चांगले. परंतु ते सर्व दुखण्याचे आहेत, दुखण्याच्या मुळाचे नव्हेत. रॉटरडॅमकरांचें शहाणपण असें, कीं कुंड खणून ते स्वस्थ बसले नाहींत. गाळ आपल्या दारांत येतो, पण विष शेंकडों किलोमीटर वर नदींत पडतें, हें त्यांनीं ओळखलें. १९८० नंतरच्या दशकांत त्यांनीं ऱ्हाइनच्या कांठाकांठानें सांडपाण्याचीं तोंडें शोधून काढलीं, कोणत्या तोंडांतून कोणता धातु किती येतो ह्याचीं मापें घेतलीं, आणि त्या त्या कारखानदारांस सांगितलें, कीं आमच्या गाळाची किंमत तुम्हांस मोजावी लागेल. एक तर बोलणीं करून घाण कमी करा, नाहीं तर न्यायालयांत भेटूं. पुष्कळांनीं बोलणींच पसंत केलीं.

त्यांतच १ नोव्हेंबर १९८६ रोजीं स्वित्झर्लंडांत बाझेल शहराजवळ रासायनिक द्रव्यांच्या एका कोठारास आग लागली. आग विझविण्यासाठीं मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशकें ऱ्हाइनमध्यें वाहून गेलीं, आणि नदीच्या मोठ्या भागांत मासे मरून तरंगूं लागले. त्या धक्क्यानें नदीकांठचीं सर्व राष्ट्रें जागीं झालीं. १९८७ सालीं त्यांनीं नदीच्या उद्धाराचा एक कार्यक्रम मान्य केला. साल्मन मासा २००० सालापर्यंत नदींत परत यावा, हा त्यांतील प्रसिद्ध संकल्प. परंतु त्याच कार्यक्रमांत दुसराहि एक संकल्प होता, कीं नदीचा गाळ इतका शुद्ध व्हावा कीं तो निर्धास्तपणें जमिनीवर पसरतां यावा वा समुद्रांत सोडतां यावा. साल्मन परत आला. गाळांतील धातूंचें प्रमाणहि पुष्कळ उतरलें. स्लुफ्टर कुंड साधारणतः पंधरा वर्षांत भरून जाईल असा मूळचा अंदाज होता; पण दूषित गाळच कमी येऊं लागल्यामुळें तें इतक्या काळांत भरलें नाहीं. रिकाम्या राहिलेल्या कुंडाएवढी चांगली कीर्ति कोणत्या नदीस मिळाली असेल?

आपल्याकडील विचार

आतां आपल्या घराकडे वळूं. आपल्या धरणांतला व गांवतळ्यांतला गाळ बहुधा पाणलोटांतील शेतांचीच वाहून आलेली माती असते. ती शेतास परत देणें योग्यच आहे, आणि ह्या लेखानें कोणी त्या कामापासून परावृत्त होऊं नये. परंतु शहरांची गोष्ट निराळी. मुंबईंत दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं नाल्यांतला गाळ काढतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मिठी नदीचा गाळ काढून तिचें पात्र मोकळें करण्याकडेहि विशेष लक्ष गेलें. हें काम अवश्य आहे. मात्र ज्या नाल्याच्या कांठीं मुलामा देण्याचे, रंगाचे, कातड्याचे वा भंगाराचे धंदे चालतात, त्याचा गाळ आणि डोंगरांतील पाझरतलावाचा गाळ हे एकाच नांवाचे असले तरी एकाच जातीचे नव्हेत.

पालकवर्गाच्या ध्यानांत यावी अशी एक गोष्ट येथें सांगणें जरूर आहे. सरकारतर्फे शेतकऱ्यांस जी जमीन आरोग्य पत्रिका मिळते, तींत सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबें, मंगल, बोरॉन अशा १२ गोष्टींची नोंद असते. ही परीक्षा मुख्यतः पिकास काय कमी पडतें हें पाहण्यासाठीं आहे. शिसें, कॅडमियम व पारा हीं तिच्यांत येत नाहींत. तेव्हां पत्रिका चांगली आहे, एवढ्यावरून शहरी गाळ निर्दोष ठरत नाहीं. अशा गाळाचा उपयोग करण्यापूर्वीं ह्या धातूंची निराळी परीक्षा प्रयोगशाळेंत करून घ्यावी. तो कोठून आला हें न विचारतां तो परसांतल्या भाजीच्या वाफ्यांत किंवा मुलांच्या खेळाच्या मैदानावर तर कधींच पसरूं नये. स्वस्त मातीचा भरणा कोणी दारांत आणून टाकूं लागला, तर प्रथम नदीचें नांव विचारावें व मग मातीचा भाव.

विद्यार्थिमित्रहो, आपण भूगोलांत शिकतों कीं नदी डोंगराची माती समुद्राकडे नेते. त्या पाठास एवढी पुस्ती जोडावयास हरकत नाहीं, कीं नदी माणसांच्या करणीचीहि नोंद ठेवते, आणि ती नोंद गाळांत लिहिलेली असते. एक पिढी जें पाण्यांत टाकून मोकळी होते, तें दुसऱ्या पिढीस खणून काढावें लागतें, तिसरीस त्यावर झाडें लावून पहारा करावा लागतो. ह्यांतून सुटण्याची वाट एकच : गाळ कोठें टाकावा ह्याचा विचार करण्याआधीं, पाण्यांत काय टाकूं नये ह्याचा विचार करणें. तुमच्यांपैकीं कोणी पुढें कारखाने चालवाल, कोणी नगरपालिकांत बसाल, कोणी शेती कराल. तेव्हां ही गोष्ट स्मरणांत राहिली, तर आपल्या नद्यांचा गाळहि शेतकऱ्यानें पुनः निर्धास्तपणें गाडींत भरून न्यावा असा होईल.